बर्फाच्या पेटीतले मोर

गिऱ्हाईक बाईने माझ्या पाटीतल्या पापलेटावर बोट दाबलं, तिथे खळगा पडला आणि तो काही परत भरून आला नाही. बाई बोलली काहीच नाही. बोलली असती तर परवडलं असतं, मी दुप्पट बोलले असते. तिने बोट रुमालाला पुसलं आणि सरळ माझ्या शेजारच्या कोळणीपुढे जाऊन बसली. शेजारीण तरी हसायची, तर तेही नाही. तिने माझी कीव केल्यासारखं तोंड केलं. त्या तोंडाने माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो इतक्या वर्षांनी आठवला तरी होतो.

ही ऐंशी सालानंतरच्या वर्षांतली गोष्ट. माझं सासर वेसाव्याचं आणि धंदा अंधेरी स्टेशनाजवळच्या मासळी बाजारात. घरची होडी होती. तिच्यावर तांडेल माझे सासरे, म्हणजे वारा, जाळं, खलाशी सगळ्यांवर हुकूम त्यांचा. मासा किनाऱ्याला लागला की मात्र तो माझा. तो कोणाला द्यायचा, कितीला द्यायचा, कोणाला चार शब्द सुनवायचे, हे सगळं माझ्याकडे. सासरे बाजारात येऊन मला शिकवत नसत आणि मी होडीवर जाऊन त्यांना शिकवत नसे. भानगड एवढीच की मासा मऊ पडायचा होडीवर आणि बोलणी खायची मी बाजारात.

आधी असं नव्हतं. आधी होड्या जायच्या आणि लगेच यायच्या. पण जवळचा मासा कमी झाला, तशी आमची होडी तीन-तीन, चार-चार दिवस बाहेर राहायला लागली. बर्फ न्यायचे, नाही असं नाही. होडीच्या पोटातल्या खणात लाद्या फोडून टाकायच्या, वर भुसा, वर गोणपाट आणि त्याच्यावर देवाचं नाव. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या खणात बर्फाचा तुकडा औषधालाही सापडत नसे. नुसतं पाणी, आणि त्यात पहिल्या दिवशीचा पापलेट निवांत अंघोळ करत पडलेला. शेवटच्या दिवशीचा मासा झकास, पहिल्या दिवशीचा गेल्यात जमा, आणि दोन्ही माझ्या एकाच पाटीत. गिऱ्हाईक बोट नेमकं गेलेल्यावरच कसं ठेवतं, देव जाणे.

रोजची गिऱ्हाइकं एकेक करून उठायला लागली. आधी नजर चुकवायची, मग वाट बदलायची. कोळणीचं दुकान म्हणजे काय, तर एक पाटी, एक कोयता आणि तिचा शब्द. माझा शब्दच नासायला लागला होता. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या तेव्हा मी घरात जाहीर केलं, "नारळी पुनवेला होडी दर्यात उतरेल ती बर्फाची धड पेटी घेऊन. नाहीतर मी बाजारात बसायची नाय. घरात बसून सुकट निवडीन." हे मी जरा मोठ्याने बोलले. आमच्या आळीत मोठ्याने बोललेला शब्द मागे घेता येत नाही, कारण तोपर्यंत तो चार घरांत पोचलेला असतो.

पेटीची अक्कल मला त्याआधीच, आइस्क्रीमच्या हातगाडीवरून आली होती. भर मे महिन्यात तो भय्या दिवसभर स्टेशनाबाहेर उन्हात उभा आणि त्याच्या गाडीतला बर्फ वितळत कसा नाही? मी त्याला म्हटलं, झाकण उघड, आत बघू दे. तो म्हणाला, पहले कुछ लो. मी एक नारंगी कांडी घेतली. त्याने झाकण उघडलं, कांडी काढली आणि मी मान आत घालायच्या आत धाडकन बंद केलं. मी दुसरी घेतली. माझी मान त्याच्या झाकणाइतकी चपळ होईपर्यंत मी इतक्या कांड्या खाल्ल्या की जीभ आठवडाभर नारंगी राहिली आणि घसा बसला. कोळणीचा घसा बसला म्हणजे धंदाच बसला. पण मला कळलं ते कळलं. बाहेरून लाकूड, आतून पत्रा, आणि दोघांच्या मध्ये जाड पांढरा थर्माकोल.

सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. सुपारी कातरली, तोंडात टाकली, मग म्हणाले, "होरीन मासा ठेवायचा का कपाट?" आम्ही होडीला होरी म्हणतो. घरात आमची बोली वेगळीच आहे, ती सगळी इथे लिहिली तर तुम्हाला समजायची नाही, म्हणून शाळेतल्या मराठीत सांगतेय. सासऱ्यांचं म्हणणं असं की पेटी जागा खाणार, वजन वाढवणार आणि बापजाद्यांनी कधी पेट्या नेल्या नाहीत. मी म्हटलं, बापजाद्यांचा मासा त्याच दिवशी किनाऱ्याला लागत होता. त्यावर त्यांनी दुसरी सुपारी कातरायला घेतली. म्हणजे पटलं असं नव्हे. शेवटी त्यांनी अट घातली. पेटी आधी ओटीवर ठेवा, तिच्यात बर्फाची एक लादी ठेवा. तिसऱ्या दिवशी सकाळी आत बर्फ दिसला तर पेटी होडीवर चढेल. नाही दिसला तर पुन्हा या घरात पेटीचं नाव काढायचं नाही.

"मंजूर," मी म्हटलं. अट मला सोपी वाटली. मला तेव्हा आमची माणसं पुरती ठाऊक नव्हती असं म्हणायला पाहिजे.

सुतार बोलावला. मोडीत काढलेल्या एका होडीच्या सागाच्या फळ्या मिळाल्या, त्या घेतल्या. होडीचं पोट सरळ नसतं, त्यामुळे पेटीही सरळ चालत नाही. वर रुंद, खाली निमुळती, एका अंगाला थोडी पोट सुटल्यासारखी. सुतार दोनदा किनाऱ्यावर जाऊन होडीच्या पोटात झोपून मापं घेऊन आला. सांगाडा ओटीवर उभा राहिला तेव्हा पलीकडच्या वाड्यातली किरिस्ताव म्हातारी जाता जाता थबकली, छातीवर क्रूस काढला आणि मला हळूच विचारलं, "कोन गेला गो?" मी म्हटलं, "कोणी नाय गेला मावशी, मासळीची पेटी हाय." ती म्हणाली, "एवढी मोठी मासळी?" आणि हळहळतच गेली. संध्याकाळपर्यंत माझ्या सासऱ्यांच्या तब्येतीची चौकशी करायला तीन घरची माणसं येऊन गेली. सासरे प्रत्येकाला दारात उभं राहून सांगत होते, मी जिता हाय. ते त्यांनी पेटीच्याच खात्यावर मांडलं.

आता माझा नवरा. स्वभावाने गरीब माणूस, होडीवर बापाच्या हाताखाली काम करायचा आणि घरी माझ्या. पण गणपती जवळ आले की या माणसाच्या अंगात येत असे. आमच्या आळीच्या गणपतीचं मखर दरवर्षी त्याच्या हातचं. थर्माकोलचे खांब, कमानी, कळस, हत्ती, मोर, सगळं तो पातळ पात्याने असं कापायचा की दादर-गिरगावची माणसं बघायला येत. सुताराने सांगाडा केल्यावर तो म्हणाला, "थर्माकोलचं काम माझ्याकडे. सुताराला त्यातलं काय कळतं?" मला बरं वाटलं. म्हटलं, चला, माणूस पेटीत लक्ष घालतोय.

थर्माकोलच्या लाद्या आल्या, त्या घेऊन तो माळ्यावर गेला आणि गेला तो गेलाच. जेवायला खाली यायचा, केसांत पांढरे दाणे, भुवयांत पांढरे दाणे, आमटीत पांढरे दाणे. वर जाऊन बघावं तर दार लावून घेतलेलं. "अरे, फळ्या कापायला एवढा वेळ?" मी खालून ओरडायची. "बारीक काम हाय," तो वरून सांगायचा. मी खूश. बारीक काम म्हणजे चांगलं काम, एवढंच मला समजत होतं. पेटीत थर्माकोल बसवलाही त्यानेच, मी बाजारात असताना; होड्या वर असल्या की मी खाडीची मासळी विकत घेऊन बसायची. संध्याकाळी मी आले तेव्हा पत्रा ठोकून, जोड झाळून सगळं तयार. झाकणसुद्धा. तळाला पाणी जायला भोक आणि त्याला लाकडी बूच. आतून पत्रा असा लखलखत होता की मी त्यात वाकून केस नीट केले.

सकाळी बर्फाच्या कारखान्यातून लादी आणली, पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि परीक्षा सुरू झाली. मी निर्धास्त बाजारात गेले. इकडे काय झालं ते मला नंतर कळलं. सगळ्या कोळीवाड्याला बातमी लागली होती की तांडेलाच्या घरी बर्फ वितळतो का नाही याची पैज लागलीय. पावसाळ्यात होड्या वर, माणसं रिकामी. जो तो यायचा, "काय, राहिलाय का बर्फ?" म्हणायचा आणि झाकण उघडून बघायचा. बघितल्यावर दुसऱ्याला बोलवायचा, "ये, बघ, हाय अजून!" दुसरा यायचा, तोही उघडायचा. आळीतल्या बायका बघून गेल्या, जाळी विणणारे बघून गेले, ती किरिस्ताव म्हातारी तर दोनदा आली, कारण पेटीत बर्फच आहे यावर तिचा विश्वास बसेना. एकाने लादीचा कोपरा फोडून ताकात घातला. हे सगळं कौतुकाने चाललं होतं, कोणाच्या मनात काही वाईट नाही. मी घरी आले तेव्हा पेटीत लादीची पार सुपारी झाली होती.

"वितळला," सासरे म्हणाले.

"वितळला कुठे, वितळवला! असा बघत बसलात तर हिमालय पण राहायचा नाही!" मी ओरडले. माझं ओरडणं बाजारातलं, म्हणजे पलीकडच्या आळीने खिडक्या उघडल्या. मी दुसरी परीक्षा मागितली. सासरे न्यायी माणूस, ते लगेच हो म्हणाले. त्यांना हरायची भीतीच नव्हती.

दुसऱ्या वेळी मी धंद्यावर गेलेच नाही. पेटीत नवी लादी घातली, झाकण लावलं आणि झाकणावर मांडी घालून बसले. तिथेच भाजी चिरली, तिथेच जवळा निवडला, तिथेच जेवले. कोणी आलं की कोयता उचलून दाखवायचा. "नुसतं वाकून बघतो गं," "नुसता हात लावते गं," सगळी नाटकं झाली. मी हलले नाही. नवरा दर थोड्या वेळाने यायचा, पेटीभोवती फिरायचा, तिच्यावरून हात फिरवायचा आणि काही तरी बोलायचं असल्यासारखा उभा राहायचा. मी म्हणायची, "काय रे?" तो म्हणायचा, "काय नाय." मला वाटलं, बिचाऱ्याला पेटीची काळजी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला बुडाखाली कसलीतरी हालचाल जाणवली. आत काहीतरी डुचमळत होतं. मी मनात म्हटलं, भास असेल. मग बूच काढून बघितलं तर तिथून पाणी असं धो-धो आलं की ओटीवरची चटई भिजली. झाकण उघडलं. आत माझं तोंड स्वच्छ दिसत होतं, पाण्यात.

सासऱ्यांनी पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता सुकट निवडायला जागा झाली, पोरी." टोमणा मारायचा म्हणून नव्हे, समजुतीने म्हणाले. तेच जास्त लागलं. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, पदर तोंडाला लावून रडले. त्या पेटीत माझा बाजार होता, माझी बसायची जागा होती, माझं तोंड वर करून ओरडणं होतं. आता ती शेजारीण माझी कीव करणार आणि मी घरात बसून सुकटीतले खडे काढणार.

रडून झालं तेव्हा राग आला. माझं तसंच आहे, रडू आधी येतं आणि राग मागून येतो, पण येतो तो भरभक्कम. आइस्क्रीमवाल्याची गाडी राहते आणि माझी पेटी का राहत नाही? मी पक्कड घेतली आणि झाकणाच्या आतला पत्रा उपटायला सुरुवात केली. तेवढ्यात नवरा धावत आला. "अगं, अगं, नको, फोडू नको!" त्याचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं पत्रा वाया जाईल म्हणून. मी पत्रा ओढला.

आत मोर होते.

दोन मोर, समोरासमोर, पिसारे फुलवलेले, पिसाऱ्यातला एकेक डोळा कोरून आरपार काढलेला. त्यांच्याभोवती वेल, वेलीला पानं, पानांच्या मध्ये जाळी. सगळं कसं नाजूक, आणि सगळं कसं भोकाभोकांचं. मी सासऱ्यांकडे बघितलं, सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग आम्ही दोघांनी मिळून पेटीच्या भिंतीचा पत्रा उसवला. तिकडे खांब, कमानी, कमानींना तोरणं. दुसऱ्या भिंतीवर लाटा आणि लाटांवर आमचीच होडी, शिडासकट. एका कोपऱ्यात छोटं देऊळ, त्याला कळस. जिथे जिथे माझा बर्फ राहायला पाहिजे होता तिथे तिथे या माणसाने महाल बांधला होता, आणि खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या.

"हे काय?" मी नवऱ्याला विचारलं.

"होरीचा भाग हाय तो," नवरा म्हणाला. मान खाली, पण आवाजात जराशी अकड. "होरीला आपण पुढच्या टोकाला, नाळेवर रंगवतो, आतून पण रंगवतो, जिथे कोणी बघत नाय तिथे पण. दर्यानं दिलेलं लक्षुमीचं घर हाय ते. ते काय नुसतं सपाट ठेवायचं?"

"अरे पण वर पत्रा ठोकलास ना! कोण बघणार हे?"

"दर्या बघतो," तो म्हणाला.

होडीला नवी फळी बसली तरी तिच्यावर हळदकुंकू लागतं, हे मलाही माहीत होतं. मी स्वतः लावते. म्हणून तर आणखी डोकं फिरलं. त्याचं चुकलं असं म्हणावं तर आमच्या सगळ्यांच्याच डोक्यातलं चुकत होतं. तो तेवढ्यात आणखी म्हणाला, "आणि मला वाटलं, भोकं असली की हवा खेळेल, गार राहील." मी पक्कड उचलली. तो ओटीवरून खाली उडी मारून पसार झाला.

आणि मग सासरे हसले. सुरुवातीला आवाज नव्हता, नुसतं पोट हलत होतं. मग खोकला, मग डोळ्यांतून पाणी, मग खांबाला धरून खाली बसले. "देऊल बांधलान... पापलेटांना देऊल बांधलान..." एवढंच पुन्हा पुन्हा. त्यांना असं हसताना मी लग्नापासून बघितलं नव्हतं. मला पण राहवेना. आम्ही सासरा-सून त्या पेटीच्या दोन बाजूंना बसून हसलो. हसता हसता मी ते साधून घेतलं. म्हटलं, "बाबा, ही पेटीची हार नाय. ही तुमच्या पोराची हार हाय. अजून एक डाव द्या." सासऱ्यांनी डोळे पुसले आणि मान हलवली.

नवऱ्याला मी परत आणला तो कान धरूनच. मोर त्याने जपून काढले, त्यांना धक्का लागू दिला नाही, आणि त्या वर्षीच्या मखरात ते बसले. माणसांनी वाहवा केली, पण मला विचाराल तर त्या मोरांना बघून माझं पोट दुखायचं. नव्या लाद्या आल्या. मी माळ्याच्या दारात स्टूल टाकून बसले आणि एकेक लादी तपासली. सपाट. त्याच्या हाताला चैन पडेना, एका लादीच्या कडेला त्याने हळूच एक पान काढायला घेतलं होतं, ते मी वेळीच पकडलं. पण खरं सांगायचं तर तसा सांधा दुसऱ्या कोणाच्या हातून झाला नसता. दोन थर, वरच्या थराचा जोड खालच्या जोडावर येऊ न देता बसवलेला, कोपरे असे घट्ट की त्यात सुईसुद्धा जाऊ नये. पान काढू दिलं नाही, तो राग त्याने सांध्यांवर काढला. पत्रा पुन्हा झाळला. झाकणाला कडेने जुन्या सायकल ट्यूबची पट्टी लावायची अक्कल मात्र सासऱ्यांची. ती सांगताना ते दुसरीकडे बघत होते.

तिसऱ्या परीक्षेत झाकणावर कोणी बसलं नाही, कारण सासऱ्यांनीच पेटीभोवती जाळं टाकून त्याला गाठ मारली. तांडेलाची गाठ सोडायची कोळीवाड्यात कोणाची छाती नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती स्वतः सोडली. झाकण उचललं. आतून धूर आल्यासारखी वाफ आली आणि लादी तिथेच बसली होती, कडा झिजलेल्या, पण बसलेली. सासऱ्यांनी तिच्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ ठेवला. मग ओला हात धोतराला पुसून म्हणाले, "चढवा." मी आळीत नाचायची तेवढी बाकी राहिले.

नारळी पुनव झाली, होडी गेली, चार दिवसांनी आली. मी बंदरावरच उभी. पेटी उघडली तर पहिल्या दिवशीचा पापलेट आणि शेवटच्या दिवशीचा पापलेट ओळखून दाखवा! सगळे एकासारखे एक ताठ, चांदीसारखे, डोळे टक्क उघडे. मी भरल्या पाटीनिशी अंधेरीला पोचले, माझ्या जागेवर बसले आणि अशी ओरडले की रस्त्यापलीकडचा फुलवाला दचकला. "या, बघा, दाबा, दाबून बघा!"

पहिली बाई आली. तिने बोट ठेवलं आणि झटकन मागे घेतलं. "बर्फातला आहे," ती म्हणाली आणि गेली.

दुसरीनेही तेच केलं. तिसऱ्याने तर बोटसुद्धा लावलं नाही, पाटीवरची वाफ बघूनच तोंड फिरवलं. माझी वाट लागली. ज्या गारव्यासाठी मी पावसाळाभर जीव काढला तोच आता आडवा येत होता. गिऱ्हाइकांचा हिशेब साधा, गार मासा म्हणजे साठवलेला मासा आणि साठवलेला मासा म्हणजे शिळा. शेजारणीने माझ्याकडे कलून हळूच सांगितलं, "अगं, उन्हात ठेव जरा. नरम पडू दे. मग ताजा वाटेल." तिने मनापासून सांगितलं होतं. मी तिला म्हटलं, "तुझी तू ठेव उन्हात. मी नाय ठेवायची."

तेवढ्यात एक मालवणी काका आले. गिरणीतून निवृत्त झालेले, हातात कापडी पिशवी, मासा घ्यायच्या आधी माशाशी भांडणारे. त्यांनी पापलेट उचलला, हुंगला, हात झटकला. "गे बाय, ह्यो बर्फातलो. माका ताजो होयो."

"बर्फातलाच हाय," मी म्हटलं. मला आता लपवाछपवीचा कंटाळा आला होता. "आमच्या होडीवरच्या पेटीतला. चार दिवसांचा. हे बघा." मी कल्ला उघडून दाखवला, आत लालभडक. "घेऊन जा, पैसे उद्या द्या. रांधा. खराब निघाला तर उद्या इथे सगळ्यांसमोर माझ्या तोंडावर फेका."

काकांनी दुसऱ्या पापलेटाचा कल्ला स्वतः उघडून बघितला. चार दिवसांचा असं आपल्या तोंडाने सांगणारी कोळीण त्यांना पहिल्यांदाच भेटली असावी. "खराब निघालो तर खराच फेकतलंय हां," असं बजावून त्यांनी दोन पापलेट पिशवीत टाकले. त्यांचं बघून आणखी दोघा-तिघांनी त्याच बोलीवर नेले. बाकीचा मासा मी पाटीतच घरी आणला. होडी तोवर बर्फ भरून पुन्हा बाहेर गेली होती, पेटीही तिच्यावरच, म्हणून तो आळीत वाटून टाकला.

दुसऱ्या दिवशी मी लिलावात दुसऱ्या होडीचा मासा घेतला, कारण रिकाम्या पाटीने बसता येत नाही. ज्या होडीला पेटी नाही तिचा तो मासा. बसले, पण ओरडायला तोंड उघडेना. डोळे सारखे रस्त्याकडे. काका आले. एकटे नव्हते, सोबत त्यांची बायको आणि त्यांच्या चाळीतली दोन माणसं. पिशवी फुगलेली नव्हती, म्हणजे आत फेकायला मासा नव्हता, एवढं मी आधी बघून घेतलं. काका समोर येऊन उभे राहिले, काल नेलेल्या माशाचे पैसे पाटीच्या कडेला ठेवले आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कालच्यासारखो दी. ह्यांका पण दी."

माझ्यापुढे पापलेट होते. दिसायलाही बरे. दिले असते तर त्यांनी घेतले असते, माझ्यावर विश्वास टाकून न दाबता घेतले असते. मी एक उचलला, कल्ला उघडला, फिकट होता. परत ठेवला.

"काका, आज घेऊ नका," मी म्हटलं. "हा आमच्या पेटीतला नाय. आमची होडी सोमवारी येईल. सोमवारी या."

शेजारणीचा कोयता हवेतच राहिला. काकांच्या बायकोने काकांकडे बघितलं. काकांनी पिशवीची घडी घातली, काखेत मारली आणि म्हणाले, "मगे सोमवारी येतंव." आणि ती सगळी माणसं बाजारातून गेली ती कोणापुढेही न बसता, रिकाम्या हातांनी गेली. त्या दिवशी त्यांच्या घरी बहुतेक डाळ-भात झाला असेल.

त्यांना जो दिला नाही तो मासा आता मला दुसऱ्या कोणाला विकवेना. भरलेली पाटी तशीच उचलली, उठले, आणि आयुष्यात पहिल्यांदा बाजारातून घरी रिक्षाने गेले. रिक्षावाला वास येतो म्हणून कुरकुरायला लागला. त्याला म्हटलं, "चल रे, आज काही बोलू नको."